वाचकांचे प्रश्न: किट कार घेताना, दुरुस्त करताना आणि चारचौघांबरोबर पळवताना

किट स्पोर्ट्स कारवर, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडायच्या गाडीवर, बरेच प्रश्न साचले होते, त्यातले ज्यांची उत्तरं इतरांनाही कामाला येतील ते इथे घेतलेत.

प्रश्न: सर, जुनी सेव्हन टाइपची, म्हणजे लोटस सेव्हनसारखी छोटी, उघडी, दोन सीटची किट कार घ्यायचीय. विकणारा म्हणतो इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल सगळं फोर्ड सिएराचं आहे, गाडी पंधरा वर्षांपूर्वी आधीच्या मालकाने घरी जोडली. फोटो एकदम झकास आहेत. बघायला जाताना काय काय बघू?

उत्तर: फोटो आधी बाजूला ठेवा. शोरूमच्या गाडीत आपण मॉडेल बघून घेतो, किट कारमध्ये आपण ज्याने ती जोडली त्याचं काम विकत घेत असतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच किटमधून झालेल्या दोन गाड्यांपैकी एक दणकट निघते आणि दुसरी नुसता खुळखुळा. म्हणून पहिला प्रश्न, फाइल आहे का? पार्ट्सची बिलं, जोडताना काढलेले फोटो, वायरिंगचा हाताने काढलेला का होईना पण नकाशा, कुठला पार्ट कुठल्या गाडीचा आणि कुठल्या सालचा याची यादी. सिएरा १९८२ ते १९९३ या काळात निघाली आणि तेवढ्या काळात इंजिनं, ब्रेक, बरंच काही बदललं, तेव्हा नुसतं "सिएराचं आहे" या उत्तरावर उद्या ब्रेक पॅड मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडेच बघत बसेल.

मग कागद. चासीवर ठोकलेला नंबर स्वतः वाचा आणि रजिस्ट्रेशनशी अक्षर अन् अक्षर जुळवा, इंजिन नंबरही. नियम देशागणिक वेगळे आहेत, ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर यायच्या आधी आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते (२००९ च्या आधी एसव्हीए होती), आणि तिथे एक गंमत हमखास चालते, तपासणीपुरतं काहीबाही लावायचं आणि पास झाली की काढून टाकायचं. तर विचाराच, काय काय काढलं नंतर?

आता गुडघ्यावर बसा. या गाड्यांची चासी म्हणजे लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड केलेले आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला. पाइपवर पावडर कोटिंग असतं, ते वरून छान चकचकीत दिसतं पण एकदा कुठे दगड लागून तडा गेला की पाणी आत शिरतं आणि कोट तसाच राहून खाली गंज पसरत जातो. पॅडलच्या खाली, पुढच्या विशबोनच्या (चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेंशनच्या आर्मच्या) माउंटिंगजवळ, सीटबेल्ट जिथे अडकवलाय तिथे आणि मागच्या आर्मच्या ब्रॅकेटपाशी बोट फिरवा, कोट फुगल्यासारखा लागला तर नखाने दाबा, पापुद्रा निघाला की समजलं. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि ओल धरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पत्र्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसते ती हीच. आणि रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट वर्तुळ दिसलं तर तो रिव्हेट ढिला होऊन घासतोय असं समजा. एखाददुसरा असला तर हरकत नाही, ओळीने दहा असले तर चासी वाकतेय किंवा कुठेतरी वेल्ड सुटलाय का ते बघावं लागेल.

सस्पेंशनचे नट नायलॉन इन्सर्टवाले आहेत का आणि बोल्टचे आटे नटाच्या बाहेर आलेत का तेही बघा, कारण बोल्ट आखूड पडला म्हणून तसाच दामटला असेल तर त्या माणसाने बाकी कुठे कुठे काय केलं असेल याचा अंदाज येतो. शेवटी आत बसून बघा, बूट घालून. सेव्हनची पॅडल इतकी जवळ असतात की रुंद बुटाने ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो, ही गोष्ट पहिल्या वळणावर कळण्यापेक्षा उभ्या गाडीत कळलेली बरी.

प्रश्न: फायबर बॉडीची किट कार आहे. ब्रेक दाबला की एका बाजूचा ब्रेक लाइट नीट लागत नाही, उलट नंबर प्लेटचा दिवा मंद पेटतो, कधी इंडिकेटर वेड्यासारखा भराभर चालतो. तीन बल्ब बदलले, स्विचही बदलला. मेकॅनिक म्हणतो सगळं वायरिंग नवीन करा.

उत्तर: थांबा, इतक्यात वायरिंगला हात लावू नका. ही जवळपास नक्की अर्थिंगची भानगड आहे. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडीच अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट, असते, दिवा स्क्रूने बसवला की काम झालं. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर चासीपर्यंत न्यावी लागते आणि जोडणाऱ्याने कंटाळा करून चार दिव्यांच्या वायरी एका रिंगमध्ये अडकवून ती रिंग पेंट केलेल्या पाइपवर बोल्टने आवळलेली असते, जी दोन पावसाळे टिकते.

तुमच्या मागच्या बल्बमध्ये बहुतेक दोन फिलामेंट आहेत, ब्रेकसाठी २१ वॅटचं आणि टेलसाठी ५ वॅटचं, दोघांचा अर्थ एकच. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट बाहेर पडायला वाट शोधतो आणि टेलच्या फिलामेंटमधून उलटा मागे जाऊन नंबर प्लेटच्या दिव्यातून अर्थ गाठतो, म्हणून ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटतो. बल्ब बदलून काय होणार!

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी त्या दिव्याच्या अर्थच्या टर्मिनलला, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले तर सापडला चोर. दिवा बंद असताना हे मोजू नका, करंट वाहत नसेल तर खराब जोडही शून्यच दाखवतो. दुरुस्ती म्हणजे चासीवरचा पेंट चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा, नवीन रिंग टर्मिनल क्रिंप करायचं, खाली दातेरी वॉशर टाकून आवळायचं आणि वरून ग्रीस. मागच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पॉइंट द्या, आणि एक जाड वायर बॅटरी निगेटिव्हपासून थेट मागे ओढली तर पुढची कटकट वाचते. सगळं वायरिंग बदलायचं तर तेही करा पण आधी हे.

प्रश्न: बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्यात. फायबर फुटतंय का?

उत्तर: बहुतेक नाही, ती वरची जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत चकचकीत थर, फुटलीय. भेगा एका बिंदूपासून चौफेर पसरल्या असतील तर तिथे आतून किंवा बाहेरून मार बसलाय, बॉनेटच्या कॅचजवळ समांतर असतील तर कॅच जास्त आवळलाय. बॉनेट उलटं करून मागून टॉर्च मारा, मॅट (रेझिनमध्ये बसवलेली काचतंतूंची चादर) पांढरट झालेली किंवा सुटलेली दिसली तर आतून काम करावं लागेल, खरखरीत पॉलिश पेपरने घासून, पुसून, नवीन मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. न घासता चोपडलेलं रेझिन पुढच्या उन्हाळ्यात पापडासारखं निघतं. हार्डनर मोजूनच टाका, साधारण एक-दोन टक्के, लवकर सुकावं म्हणून जास्त ओतलात तर ते तापतं आणि ठिसूळ होतं. नुसत्या वरच्या भेगांवर पेंट मारू नका, त्या परत वर येतात, कोरून भरल्याशिवाय उपाय नाही. आणि खरं सांगू, गाडी पळवायला घेतली असेल तर बारीक भेगांसोबत जगायला शिका.

प्रश्न: टायर आठ वर्षांचे आहेत पण नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे. चालतील ना?

उत्तर: नाही. ५००-६०० किलोच्या गाडीत टायर झिजत नाहीत, वाळतात. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ३५१६ म्हणजे २०१६ चा ३५ वा आठवडा. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर न सांगता सटकतं. हवाही घरच्या गाडीइतकी भरू नका, या वजनाला बरेच जण १८ ते २२ पीएसआयच्या दरम्यान ठेवतात, पण आधी तुमच्या किटवाल्याने काय सांगितलंय ते बघा.

प्रश्न: किट घेऊन स्वतः जोडली तर स्वस्त पडते असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: एके काळी होतं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांत घेतली तर तो वाचायचा. असं सांगतात की किटबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नव्हत्या म्हणून गाडी सोडवायच्या सूचना द्यायचे, त्या उलट्या वाचायच्या! १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला, तो फायदा संपला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. आजचा हिशोब असा की किटची किंमत दिसते, पण टायर, सीट, वायरिंग, रंग, तपासणीची फी आणि दोनदा विकत घेतलेले पार्ट्स दिसत नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर कुणीतरी जोडलेली जुनी घ्या. जोडायची मजा हवी असेल तर किट घ्या आणि हिशोब ठेवू नका.

प्रश्न: हायवेला टेंपरेचर मस्त, पण ट्रॅफिकमध्ये अडकलो की काटा वर. रेडिएटर नवीन टाकला तरी तेच.

उत्तर: पळताना ठीक आणि उभ्यावर गरम म्हणजे हवेचा प्रश्न, पाण्याचा नव्हे. उलटं असतं, म्हणजे पळताना तापली असती, तर रेडिएटर चोंदला किंवा कूलंट कमी असं म्हटलं असतं. आधी फॅन चालू करून एक कागद पुढच्या नाकाजवळ धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर हवा आत ओढली गेली पाहिजे, कागद आत चिकटला पाहिजे. कागद बाहेर उडाला तर फॅनच्या दोन वायरी उलट जोडल्यात, मोटर उलटी फिरतेय, हायवेला समोरून येणारा वारा काम भागवतो म्हणून कळत नाही. किट कारमध्ये हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. ते बरोबर असेल तर रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा, कारण हवा आळशी असते, जाळीतून जाण्यापेक्षा बाजूने निघून जाते. मग एअरलॉक, म्हणजे पाण्यात अडकलेली हवा, पाणी भरायचं तोंड सगळ्यात उंच नसेल तर पुढची चाकं रॅम्पवर चढवून, इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून हवा जाऊ द्या. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

प्रश्न: सर, पहिल्यांदाच ग्रुप ड्राइव्हला जातेय. सगळे अनुभवी, माझी गाडी त्यातली सगळ्यात कमी पॉवरची. मागे पडले, रस्ता चुकले तर?

उत्तर: ताई, ग्रुप बरा असेल तर मागे पडायची सोयच केलेली असते. निघायच्या आधी विचारा, वळणांवर कसं करता? बरेच ग्रुप असं करतात की पुढचा लीडर आणि शेवटचा माणूस ठरलेला असतो, वळण आलं की लीडरच्या मागची गाडी तिथे सुरक्षित जागी थांबते, सगळ्यांना वाट दाखवते आणि शेवटची गाडी आली की निघते. दुसरी पद्धत अजून सोपी, प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची, वळायच्या आधी ती आरशात दिसेपर्यंत थांबायचं. दोन्हीत पुढच्याला गाठायची गरजच नाही. यातलं काहीच ठरलेलं नसेल, नुसतं "या मागोमाग" असं उत्तर आलं, तर मी तरी त्या ग्रुपबरोबर जाणार नाही.

पॉवरची काळजी सोडा. खरा धोका दुसरा, पुढच्याचे ब्रेक लाइट बघून ब्रेक मारायची सवय लागते आणि रस्ता बघायचा राहतो. त्याचे टायर वेगळे, त्याला वळण माहितीय, तुम्हाला नाही. अंतर इतकं ठेवा की मध्ये एखादी बाहेरची गाडी सहज शिरू शकेल, ती शिरली तर शिरू द्या, दहा गाड्यांची साखळी करून रस्ता अडवला की लोक वैतागतात आणि मग नको तिथून ओव्हरटेक करतात. शिवाय या गाड्यांच्या चाकांवर नुसते छोटे मडगार्ड असतात, खडी थेट मागच्याच्या काचेवर येते, काच नसेल तर चष्म्यावर. ट्रकच्या बाजूला रेंगाळू नका, त्याच्या खिडकीतून तुम्ही दिसतच नाही, तुमचं डोकं त्याच्या चाकाच्या उंचीला असतं.

आदल्या दिवशी चाकांचे नट टॉर्क रेंचने बघा, ऑइल, ब्रेक ऑइलची लेव्हल बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलूनच जा. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ठराविक पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा १५५ पर्यंत येते, मग घाट उतरताना पॅडल मऊ पडतं. टाकी फुल करून निघा आणि एका टाकीत किती जाते ते लीडरला आधीच सांगा, लाजू नका, सगळ्यात लहान टाकीवरच थांबे ठरतात. बरोबर ॲक्सिलरेटर केबल, फ्यूज, एक रिले, बल्ब, केबल टाय, इन्सुलेशन टेप, पक्कड आणि तुमच्या गाडीला लागणारे पाने घ्या, टोइंगचा हुक कुठे बसतो ते घरीच बसवून बघा. पाऊस आला तर वेग कमी करा आणि कुणाला काय वाटेल याचा विचार करू नका, हलकी गाडी पाण्यावर लवकर तरंगते.

आणि थांब्यावर बॉनेट उघडा. निम्मी मजा तिथेच असते, कुणीतरी येऊन तुमची थ्रॉटल केबल कशी चुकीच्या बाजूने नेलीय ते सांगेल, दुसरा म्हणेल बरोबर आहे, आणि चहा होईपर्यंत तिसरा ती सोडवून बसलेला असेल.

प्रश्न: नवरा एकदा बरोबर आला, आता नको म्हणतो. वारा, आवाज, पाठ. काही उपाय?

उत्तर: आधी इअरप्लग, तुम्हीही घाला, तासन्‌तास वाऱ्याच्या आवाजात बसणं कानाला वाईटच आणि त्याने दमायलाही होतं. मग बाजूचे छोटे विंड डिफ्लेक्टर, सीटवर दोन इंच फोम आणि त्याच्या बाजूला सायलेन्सर असेल तर त्यावर हीट गार्ड, उतरताना पोटरी भाजलेला माणूस परत बसत नाही. एवढं करूनही नाही म्हणाला तर पुढच्या थांब्यावर त्याच्या हातात स्टिअरिंग द्या, इन्शुरन्समध्ये त्याचं नाव आहे ना ते बघून.