नव्या ॲडमिनसाठी: आधी चाव्या मोजा

सीमाभागातल्या मंडळींचं चर्चा-नेटवर्क सांभाळायला घेताय, झकास! निवडणूक, नियमावली वगैरे नंतर. आधी चाव्या कुणाकडे ते बघा, म्हणजे डोमेन (नेटवर्कचा इंटरनेटवरचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे. २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट-नेटवर्कचे बहुतेक स्वयंसेवक ताब्याच्या वादातून बाहेर पडले आणि त्यांना लिबेरा चॅट हे वेगळं नेटवर्क नव्यानं उभारावं लागलं. राबणारे हे, मालकी दुसऱ्याकडे.

- सर्व्हरवर किमान तिघांचं स्वतंत्र लॉगिन हवं. डोमेनच्या नूतनीकरणाचा ईमेल सामायिक पत्त्यावर घ्या; एकट्याच्या खात्यात पडून राहिला, की मुदत संपते आणि डोमेन हातचं जातं.
- ज्या ॲडमिनचा सभासदाशी वाद, त्यानंच त्या सभासदावर बंदी घालायची नाही. दुसऱ्या ॲडमिननं घालावी, कारण एका ओळीत नोंदवावं. कन्नड-मराठी विषय तापला की हे हमखास विसरतात.

खानापूरचा मित्र म्हणून लगेच अधिकार देऊ नका. आधी तीन महिने स्पॅम काढू दे.