शब्दाला शब्दच राहू दे

प्रिय बेटा,

तुझी वही पाहिली. कपाशीच्या दोन वाणांबद्दल गटातल्या पाच शेतकऱ्यांची मतं ‘कमी’, ‘मध्यम’, ‘उत्तम’ अशा शब्दांत घेतलीस, इथवर छान. मग एकेका शब्दाचे खालचा, मधला, वरचा असे तीन-तीन आकडे केलेस, ‘मध्यम’ म्हणजे 0.25, 0.5, 0.75, आणि चार पानं गुणाकारात घातलीस. आता फरक उरला दशांशाचा, अन् वाण कोणता घ्यावा ते तुलाच उमजेना.

शब्दाला शब्दच राहू दे.

पाण्याचा ताण सोसण्याचा निकष घे. पहिल्या वाणाला पाचही जण ‘मध्यम’ म्हणाले. दुसऱ्याला दोघं ‘उत्तम’, तिघं ‘कमी’. वाईट, कमी, मध्यम, चांगलं, उत्तम यांना 1 ते 5 गुण दिले की पहिल्याचे 15, दुसऱ्याचे 16. दुसरा पुढं. आता ‘कमी’ला दोनाऐवजी दीड धर. दुसरा 14.5 वर येऊन मागं पडला! ‘कमी’ म्हणजे दोन की दीड, हे कोणत्या शेतकऱ्यानं सांगितलं? त्यांनी क्रम सांगितला. अंतर तू घातलंस.

त्यापेक्षा एका वाणाला मिळालेले पाचही शब्द क्रमानं मांड अन् तिसरा, म्हणजे मधला, उचल. पहिल्याचा ‘मध्यम’, दुसऱ्याचा ‘कमी’. अंतर काहीही धरलं तरी हे हलत नाही.

हेरेरा आणि मार्टिनेझ या संशोधकांनी 2000 साली सरासरीच्या जवळचा शब्द घेऊन त्याला उरलेला फरक जोडायची रीत दिली. तिच्यात दुसऱ्या वाणाची सरासरी 3.2, म्हणून तो ‘मध्यम, 0.2’ येतो. काम देखणं आहे. पण मूळ रीतीत शब्दांमधलं अंतर सारखंच धरलेलं असतं. गणित झेपत नाही म्हणून मी असं बोलतो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. दशांशांमागं माझी वर्षं गेली, त्याची हळहळ आहे. तुझी जाऊ नयेत.

शब्द चिठ्ठीवर घे. वडीलधारे आधी बोलले की बाकीचे तोच शब्द धरतात. माणसं पाच किंवा सात, सम नको. ‘खर्च किती’ विचारलंस तर ‘जास्त’ म्हणजे वाईट होतं अन् क्रम उलटतो. ‘खर्च परवडतो का’ असं विचार. निकषांना 0.37 सारखी वजनं कशाला? ज्याच्याशिवाय भागतच नाही तो निकष आधी बघ, तिथं मधला शब्द ‘मध्यम’च्या खाली गेला की वाण बाद.

आणि दुसऱ्या वाणासारखे शब्द फाटले, तर मधल्या शब्दावरही थांबू नको. ‘उत्तम’वाले दोघं काळ्या भारी जमिनीचे असतील, तिघं बरडावरचे, जिथं पावसानं ओढ दिली की कपाशी आधी सुकते. मग याद्या दोन कर. पुन्हा जाशील तेव्हा चिठ्ठीच्या कोपऱ्यात जमीन कोणती ते आधी लिहून घे.