एकादशीचं पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली. दर एकादशीला तू ज्याला पत्र लिहितोस, तो रत्नागिरीच्या कारागृहातला नेपाळी खलाशी गीतेबद्दल एक अक्षर लिहीत नाही. नामस्मरणाचं विचारलंस तर ते सोडून बाकीच्या गोष्टींना उत्तर देतो. दर खेपेला त्याचं एकच असतं, जामिनाचं काय झालं आणि माझ्या घरी निरोप पोचला का. तुला वाटतं, तो तुझा वापर करून घेतोय. म्हणून या एकादशीला तू पत्र टाकलंच नाहीस, 'त्यालाही कळू दे' म्हणून.

हे वाक्य तू लिहावंस, याचं मला वाईट वाटलं. अरे, उपास आपण विठोबानं काही दिलं म्हणून करतो का? पंढरपुरापर्यंत चालत जातो, गर्दीत दर्शन नाही झालं तर कळसाला हात जोडून मागे फिरतो. पांडुरंगाकडे कधी पोच मागितली आहेस? मग एका कच्च्या कैद्याकडे कसली मागतोस? एकादशीला पत्र गेलं पाहिजे. त्याचं उत्तर येवो, न येवो, त्यात देव असो, नसो.

आत माणसाजवळ काय असतं ते नीट समजून घे. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली शंभरातली जवळजवळ शहात्तर कच्ची, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही अशी. त्यांचं सगळं आयुष्य तारखेवर चालतं, आणि तारीख पुढे जाते. कधी कोर्टात न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही, कधी साक्षीदार येत नाही, कधी तुरुंगातच व्हिडिओच्या पडद्यासमोर उभं करून दोन मिनिटांत पुढची तारीख देतात. मुलाखतीला घरचं माणूस येईल म्हणावं, तर एसटीच्या भाड्यापासून अडचण. या खलाशाचं घर तर नेपाळात. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की बाकीचे खलाशी गावी जातात, मालक पुढच्या हंगामाला दुसरा माणूस बघतो. त्याच्या आयुष्यातली न हलणारी एकच तारीख आपण देऊ शकतो, एकादशीची. तीही तू हलवलीस.

कैद्याला गीता सांगण्यासाठी तू विनोबांचा दाखला दिलास, तो मला मान्य नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं केली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय. पालगडच्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दोघेही आपल्या कोकणातले, विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. पण ते दोघेही तिथे कैदी होते, हे तू विसरलास. ऐकणारा जे भोगत होता तेच सांगणाराही भोगत होता. तू संध्याकाळी घरी जाऊन माशाची आमटी जेवतोस आणि त्याला अनासक्ती लिहून पाठवतोस. त्यानं विचारलं तर अवश्य सांग, मनापासून सांग, मीही सांगतो. विचारलं नाही तर पाऊस किती झाला ते लिही. शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात किती वेळ नाचली, मिरकरवाड्याच्या बंदरात बांगडा मिळतोय का, हे लिही. मोठ्या अक्षरात लिही आणि सोप्या हिंदीत लिही, कारण त्याला वाचता येत नसेल तर बराकीतला दुसरा कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार. त्याआधी कारागृहाचे अधिकारी वाचणार. म्हणून गुन्हा काय केला हे कधीही विचारायचं नाही, केसबद्दल कागदावर काही मागायचं नाही. घरचा पत्ता द्यायचा नाही, भजनी मंडळाचा द्यायचा. आणि पाळता येणार नाही असा शब्द द्यायचा नाही. 'सुटलास की ये, बघू कामाचं' असलं वाक्य तिथे महिनोन् महिने उशाशी राहतं.

आता जामिनाचं. तू लिहितोस, 'हे आपलं काम नव्हे, आपण भजनी माणसं.' मला हे पटत नाही आणि कधीही पटणार नाही. त्याचा जामीन मंजूर झालाय, जामीनदार नाही म्हणून तो आत आहे, एवढं तुझ्याच पत्रावरून दिसतंय. सातबारा, घरपट्टीची पावती, ऐपतीचा दाखला घेऊन त्याच्यासाठी कोर्टात कोण उभं राहणार? अशा माणसांसाठीच सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय. जामिनाच्या हुकुमानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचीच अट शक्यतो घालू नये, असंही त्यात आहे. कोठडीतल्या माणसाला, त्याची कमाई कितीही असो, १९८७ च्या कायद्यानं वकील फुकट मिळतो. तू प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, त्याचं नाव आणि केस नंबर दे, अट सैल करण्याचा अर्ज झालाय का विचार. विधी सेवेच्या १५१०० या नंबरावर फोन केलास तरी चालेल. पत्रात मात्र एवढंच लिही, 'मी वकीलसाहेबांना भेटलो.' भेटला असशील तरच.

आणि पत्रानं काय होतं असं कोणी म्हणालं, तर त्याला सुनील बत्राचं सांग. तिहारमधला कैदी. दुसऱ्या एका कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल त्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयानं तीच याचिका मानली आणि १९७९ मध्ये तुरुंगातल्या माणसाच्या हक्कांवर निकाल दिला.

माझंही सांगतो, कारण उद्या तुला कोणीतरी सांगेलच की बुवाला मंडळानं बाजूला केलं. केलं, खरं आहे. तुरुंगातल्या भजनानंतर किती जणांनी माळ घातली, किती जणांनी मटण सोडलं, याची वही ठेवा असं ठरलं. मी म्हटलं, वही ठेवायची तर आपण किती एकादश्या चुकवल्या त्याची ठेवू. ते कोणाला आवडलं नाही. चाळीस माणसांसमोर माझ्या हातातल्या भजनाच्या चकव्या काढून घेतल्या. मी आजही त्याच जागी उभा आहे. माळ घालणं ही त्याची आणि पांडुरंगाची गोष्ट, त्यात मोजणी आली की आपण सावकार झालो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. मालवणकडच्या एका मुलाला जामीन झाला होता. जामीनदार म्हणून मी उभा राहणार होतो, पण माझी जमीन भावांत सामाईक, भाऊ सही करेनात. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. तो मुलगा पुढे दुसऱ्या कारागृहात गेला आणि माझी पत्रं परत येऊ लागली. तेव्हा हा २०२३ चा निकाल नव्हता, अशा अर्जाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगतोय. तरीही तू लिहितोस की हे भजनी माणसाचं काम नव्हे! तू स्वतः जामीनदार होऊ नकोस, तुझ्या वडिलांना मी तसा शब्द दिला आहे. पण कागद पुढे सरकवणं तुला सहज जमण्यासारखं आहे.

चुकलेल्या एकादशीचं पत्र आजच टाक. उशीर का झाला याचं कारण देऊ नकोस, माफीही मागू नकोस, त्याच्या घरी निरोप पोचला की नाही ते पहिल्या ओळीत लिही. पोचला नसेल तर आधी फोन लाव. आणि मला पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तो नाम घेतो की नाही हे कळवू नकोस. प्राधिकरणात कोण भेटलं आणि अर्जाला नंबर पडला का, ते कळव.

तुझा,
बुवा