नाव नोंदवण्याआधी मूल्यमापनाचा तक्ता उघड

सोलापूर,
डिसेंबरअखेर

सप्रेम आशीर्वाद.

लेखनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करायचं पक्कं असेल, तर पैसे भरायच्या किंवा बटण दाबायच्या आधी एक काम कर. अभ्यासक्रमाच्या माहितीत मूल्यमापनाचा तक्ता असतो, तो नीट वाच. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर बऱ्याच अभ्यासक्रमांत ३० गुण स्वाध्यायांना आणि ७० अंतिम परीक्षेला असतात. ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. स्वाध्याय आणि परीक्षा दोन्ही 'योग्य पर्याय निवडा' छापाचे असतील, तर तिथे लेखनाबद्दल ऐकायला मिळेल, पण लिहायला मिळणार नाही. निदान तीन मसुदे लिहून घेणारा आणि त्यांवर लेखी शेरे देणारा वर्ग निवड. मग त्याचं नाव मोठं नसलं तरी चालेल.

गफलत नोंदणीतही होते. 'स्वयम्'वर अभ्यासक्रमाला प्रवेश मोफत असतो. परीक्षेची नोंदणी निराळी, तिचं शुल्क निराळं आणि मुदतही निराळी. ती हुकली की प्रमाणपत्रही नाही आणि पदवीत धरले जाणारे श्रेयांकही (क्रेडिट) नाहीत. श्रेयांक हवे असतील तर सत्र सुरू होण्याआधी महाविद्यालयातल्या समन्वयकांचा लेखी होकार घेऊन ठेव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे बाहेरून करायची मुभा आहे, पण कोणत्या विषयाच्या बदल्यात काय चालेल हे आधी विचारूनच घ्यावं लागतं. तोंडी 'हो, होईल' वर विसंबू नकोस.

आता आठवड्याचं गणित. व्हिडिओला दीड तास, वाचनाला दोन, लिहायला तीन आणि बरोबरच्यांचे मसुदे वाचून शेरे लिहायला एक, असे साडेसात तास धर. व्हिडिओ बघून झाला की वर्ग झाल्यासारखं वाटतं. खरं तर तो सगळ्यात हलका भाग. लिहायचे तीन तास दोन बैठकांत तोड आणि मध्ये एक रात्र जाऊ दे. पाणी यायचा दिवस धरू नकोस, त्या सकाळी घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. जानेवारीच्या सत्रात पहिला स्वाध्याय गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांतच येऊ शकतो. गड्ड्यावर जरूर जा, पण मसुदा पाठवून जा.

या वर्गात शिकणं होतं ते पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्याच्या मधल्या दिवसांत. समज, तू लिहिलंस: 'सोलापूर शहरात वस्त्रोद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो.' समासात शेरा येईल, 'मग?' राग येईल, पण शेरा बरोबर आहे. वाक्यात चूक काही नाही. मात्र त्यात कुणी नाकारावं किंवा तपासावं असंही काही नाही. तेच असं विचारून बघ: चादरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात इतके माग टॉवेलकडे का वळले? आता परिच्छेदाला काम मिळालं. पूर्व भागातल्या दोन-तीन कारखान्यांत जाऊन माग किती, टॉवेल कधीपासून, सूत कुठून, माल कुठे जातो, एवढं विचारता येतं. जे उत्तर हाती येईल ते दुसऱ्या मसुद्याचं पहिलं वाक्य. 'मोठ्या प्रमाणावर' आपोआप गळून पडेल, कारण त्याच्या जागी आकडा आलेला असेल.

शेरे हाती आले की दुरुस्तीचा क्रम पाळ: आधी मुद्दा, मग परिच्छेदांची मांडणी, मग वाक्यं, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. वेलांट्या सुधारून तोच मसुदा परत पाठवतात आणि गुण हलले नाहीत की 'काय बे, एवढं करून सहाच?' असं सुरू होतं. जो परिच्छेद उद्या कापायचा आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज कशाला तपासायचे?

दुसऱ्यांच्या मसुद्यावर 'छान लिहिलंय' हा शेरा फुकट आहे. तीन गोष्टी लिही: मला मुद्दा असा कळला, अमुक परिच्छेदात मी हरवलो किंवा हरवले, आणि या विधानाला पुरावा दिसला नाही. दुसऱ्याच्या लिखाणातली पोकळ वाक्यं चार वेळा पकडली की स्वतःचीही दिसायला लागतात.

टंकलेखनाचं थोडं. फोनवर बोलून लिहिलंस तर पूर्णविराम गायब होतात आणि कळफलक हिंदीवर असेल तर शब्दही हिंदी सुचतात. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फोन यातला कुठलाही टाकून मोकळा होतो. हजार शब्दांचा मसुदा फोनवर धड दुरुस्त होत नाही, त्यासाठी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात दोन तास मिळव. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणू नकोस. तो फॉन्ट शिक्षकांकडे नसेल तर तुझा निबंध तिकडे अगम्य रोमन अक्षरांत उघडेल. युनिकोडमध्येच लिही आणि गूगल डॉक्समध्ये ठेव. तिथे जुन्या आवृत्त्या राहतात. उद्या 'हे एआयकडून लिहून घेतलंय' असा संशय आलाच, तर त्या आवृत्त्या दाखवता येतात. एआय कितपत चालतं हे प्रत्येक वर्ग वेगळं सांगतो. नियम वाच, आणि त्यात काहीच नसेल तर विचार. कुठूनही वाक्य उतरवून घेताना त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि स्रोत टाक. नंतर ते वाक्य आपलंच वाटायला लागतं, आणि नकलेचे बरेच आरोप असल्या विसराळूपणातून येतात.

मुदत रात्री ११.५९ ची असेल तर तुझी मुदत संध्याकाळी सहाची. फाइल चढवल्यावर तीच परत उतरवून उघडून बघ. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' यांतली चुकीची गेली तर शिक्षक तीच तपासतात. नावातच मसुद्याचा क्रमांक घाल आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेव.

पहिल्या मसुद्यावरचे शेरे आले की मसुद्यासकट मला पाठव. नुसता गुणांचा फोटो नको.

सप्रेम.