पहिल्यांदा बर्फावर: आइस हॉकीचं ओळख-सत्र कसं घ्यावं

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मिसिसागा-ब्रॅम्प्टन भागातल्या मराठी मुलांसाठी मंडळातर्फे आइस हॉकीचं एक ओळख-सत्र घ्यायचं आहे, अरीनाचा (बर्फाच्या बंदिस्त मैदानाचा) एक तास मिळाला आहे, मुलं साधारण तीस, वय सहा ते बारा, त्यातल्या बहुतेकांनी स्केट्स कधी घातलेले नाहीत, काही आईबाबाही उतरायचं म्हणतायत, तर या तासात काय काय शिकवावं? मी इथे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात बरीच वर्षं लहान गटांना शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

शिकवायची यादी आधी बाजूला ठेवा. पासिंग, ऑफसाइड, कोण कुठल्या जागेवर खेळणार, यातलं काहीही पहिल्या दिवशी नको. प्रत्येक मूल पडून स्वतःचं स्वतः उठलं, प्रत्येकाच्या स्टिकला पक (खेळायची रबरी चकती) भरपूर वेळा लागला आणि निघताना "परत कधी यायचं?" असं त्यांनी विचारलं, तर तुमचं सत्र झालं. हे घडणार की नाही ते बरंचसं बर्फावर पाऊल ठेवण्याआधीच ठरतं. म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग लॉबीतल्या तयारीबद्दल आहे.

अरीनाचा तास म्हणजे बहुतेक ठिकाणी पन्नास मिनिटंच हातात येतात, उरलेली झॅम्बोनीने (बर्फ सपाट करणाऱ्या गाडीने) बर्फ सारखा करण्यात जातात. लोकांना बर्फाच्या वेळेआधी पूर्ण तासभर बोलवा. आपल्याकडच्या 'पाच मिनिटांत पोचतोच' या सवयीचाही हिशेब त्यात धरा. झॅम्बोनी बाहेर पडून तिचा दरवाजा बंद होईपर्यंत एकही मूल आत जाता कामा नये, हे सगळ्यांना आधीच बजावून सांगा. अरीनावाले याबाबत फार कडक असतात आणि ते बरोबरच आहे.

आता स्केट्स. मुलं पहिल्या दिवशी रडतात ती थंडीने किंवा पडून नाही, पाय दुखून. स्केटचं माप रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान असतं. आईवडील 'वाढत्या अंगाचा आहे' म्हणून दोन नंबर मोठे घेऊन येतात, मग आत जाड लोकरी मोजे कोंबतात, आणि घोटा आतल्या आत हलत राहतो. एकच पातळ मोजा पुरे. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते: दुकानातून आणलेल्या कोऱ्या स्केट्सना धार नसते, ती लावून घ्यावी लागते. कोरे स्केट्स घेऊन कुणी येणार असेल तर आधी धार लावून आणा असा निरोप पाठवा. नवशिक्यांना अर्धा इंचाची (हे पात्याच्या खालच्या खोबणीच्या गोलाईचं माप) नेहमीची धार चालते. त्याहून खोल धार नको, कारण पातं बर्फात रुततं आणि थांबायला शिकणं अवघड होतं.

लेस बांधणं हे या सत्रातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य आहे आणि ते तुम्हाला, मदतनिसांना आणि आईबाबांना यायला हवं. आधी लेस पार अंगठ्यापर्यंत सैल करायची, पाय आत घालायचा आणि टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. बोटांपाशी लेस नुसती नीट बसलेली हवी, आवळलेली नको. पाऊल जिथे वाकतं तिथपासून घोट्यापर्यंतच्या तीन-चार भोकांत मात्र जोर लावून ओढायची. अगदी वरच्या भोकाला पुन्हा थोडी ढील, नाहीतर गुडघा पुढे वाकतच नाही. बांधून झाल्यावर मुलाला उभं करा, गुडघे वाकवायला सांगा आणि नडगीच्या मागे, बुटाच्या वरच्या कडेत एक बोट सरकवून बघा. एक बोट जावं, दोन जाऊ नयेत. लेस उरली म्हणून ती घोट्याभोवती गुंडाळू नका, तिथे रक्त अडतं आणि दहा मिनिटांत तक्रार येते. तीस मुलांच्या साठ बुटांना हे सगळं करायला किमान सहा-सात माणसं लागतात. ज्यांना बर्फावर उतरायचं नाही अशा काका-मावशींना आधी एक दिवस शिकवून हेच काम द्या.

बाकीच्या सामानात तडजोड कुठे करायची आणि कुठे नाही, ते स्पष्ट सांगते. हेल्मेट सीएसए (कॅनडाची मानक संस्था) प्रमाणित हॉकीचंच आणि चेहऱ्यापुढे जाळी असलेलं. सायकलचं चालणार नाही. गळ्याचं संरक्षण, कोपराचे आणि गुडघ्या-नडगीचे पॅड, हॉकीचे ग्लव्ह्ज हवेतच. गळ्याच्या पट्ट्याला काही पालक 'पहिल्याच दिवशी कशाला' म्हणतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला चालू सामन्यात ॲडम जॉन्सन या खेळाडूचा गळ्याला स्केट लागून मृत्यू झाला. मुलांना हे ऐकवायची गरज नाही, पालकांना मात्र एवढं सांगितलं की वाद संपतो. खांद्याचे पॅड आणि हॉकीची पँट मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर या एका तासापुरतं जाड ट्रॅकपँट आणि जॅकेटवर भागतं. जीन्स नको, भिजली की जड होते. सामानासाठी तुमच्या शहराच्या मायनर हॉकी असोसिएशनला (मुलांच्या हॉकीच्या स्थानिक संस्थेला) ईमेल करा. बऱ्याच ठिकाणी उसनं द्यायला किट ठेवलेलं असतं. आणि अरीनाचा परवाना घेताना विम्याचं काय ते पहिल्याच फोनवर विचारा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

बर्फावरचे मदतनीस कुठून आणायचे? आपल्याच मंडळातली हायस्कूलची मुलंमुली. ऑन्टारियोत बारावीचं प्रमाणपत्र मिळायला चाळीस तासांची समाजसेवा लागते, आणि आपली कितीतरी मुलं हाउस लीग (शहरातल्या शहरात होणारे हौशी संघांचे सामने) खेळतात. पाच नवशिक्यांमागे एक असे सहाजण मिळाले की झालं. लहान मुलं चाळिशीतल्या काकांपेक्षा पंधरा वर्षांच्या ताईचं जास्त ऐकतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

लेस बांधून झालेल्या मुलांना लॉबीत रिकामं बसवू नका. रबरी मॅटवर तिथेच पडायला आणि उठायला शिकवा. पडायचं बाजूला, कुल्ल्यावर, मुठी मिटून. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं, मग एक पाय पुढे रोवायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून वर यायचं. हात जमिनीवर टेकून उठायचं नाही, इतरांचे स्केट्स जवळ असतात. स्टिकही तिथेच वाटा. स्केट्स घालून उभं असताना ती हनुवटीपर्यंत यावी. डावी द्यायची की उजवी, यावर डोकं खाजवत बसू नका. जमिनीवर एक स्टिक ठेवा, मुलाला उचलून पक ढकलायला सांगा आणि कुठला हात खाली जातो ते बघा. कॅनडात डावी स्टिक जास्त दिसते, पण घरी बाबांबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या उजव्या हाताच्या मुलांचा उजवा हात आपसूक खाली जातो. त्यांना उजवीच द्या. बदलायची असली तर नंतर बदलता येईल.

बर्फावरची पहिली दहा मिनिटं स्टिकशिवाय. आत आल्या आल्या सगळ्यांना मुद्दाम पडायला लावा, अगदी मदतनिसांसकट. 'एक, दोन, तीन, धपाक!' सगळे एकदम पडले की कुणाला लाज वाटत नाही आणि भीती तिथेच निम्मी होते. मग उभं राहून जागच्या जागी पावलं टाकायची, बदकासारखे पायाचे चवडे बाहेर काढून चालायचं. नंतर कडेच्या बोर्डला दोन्ही हातांनी धरून 'बर्फाचा भुगा' करायचा: एक पाय बाहेरच्या बाजूला ढकलत पात्याने बर्फ खरवडायचा. स्केटपाशी पांढरा ढीग साचतो आणि कुणाचा मोठा यावर मुलांची चुरस लागते. थांबायची क्रिया हीच आहे. पाय किती वाकडा करायचा, दाब किती द्यायचा हे त्यांच्या पायाला न सांगता समजतं.

ढकलायच्या खुर्च्या किंवा चौकटी अरीनात मिळतात. अगदीच घाबरलेल्या मुलाला पाच मिनिटं द्या, मग काढून घ्या. त्यांच्यावर रेलायची सवय लागली की स्वतःचा तोल कधी कळतच नाही.

मग खेळ. आपले अंगणातले खेळ बर्फावर फार छान चालतात. 'शिवाजी म्हणतो'मध्ये तुमच्या सगळ्या सूचना बसतात: शिवाजी म्हणतो गुडघे वाकवा, शिवाजी म्हणतो एका पायावर घसरा, आता उडी मारा! 'विषामृत' तर सगळ्यांत उत्तम. ज्याच्यावर राज्य आहे त्याने विष दिलं की तिथेच थांबायचं, आणि सुटका करणाऱ्याने अमृत द्यायचं ते खांद्याला हात लावून नाही, गुडघ्याला लावून. एवढ्या एका बदलाने प्रत्येक मूल कितीतरी वेळा खाली वाकतं, आणि 'गुडघे वाकवा' असं ओरडायची गरज राहत नाही. 'डोंगर का पाणी'साठी बर्फावर आखलेल्या दोन निळ्या रेषा तयारच असतात, मधला भाग पाणी, कडेचे डोंगर. साखळी मात्र टाळा, एक पडला की पाचजण त्याच्यावर पडतात. इथे जन्मलेल्या मुलांना हे खेळ माहीत नसले तरी दोन मिनिटांत कळतात, आणि काचेमागच्या आजी-आजोबांनाही बर्फावर काय चाललंय ते समजतं. त्यांना जाड कोट घालून यायला सांगा, बसायच्या जागीही कडाक्याची थंडी असते.

पंचवीस मिनिटांच्या आसपास स्टिक आणि पक आणा. पक माणशी एक, वर आणखी थोडे. एका पकमागे दहाजण हे नवशिक्यांसाठी सर्वांत वाईट चित्र, कारण ज्याला आधीच स्केटिंग येतं तोच सगळा वेळ खेळतो. नेहमीचा काळा पक १५६ ते १७० ग्रॅमचा, म्हणजे साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा जड असतो. लहानग्यांच्या मनगटाला तो झेपत नाही. त्यांच्यासाठी सुमारे ११३ ग्रॅमचा निळा पक मिळतो, तो आणा. नियम दोनच सांगा: स्टिकचं पातं कमरेच्या वर जाणार नाही, आणि स्लॅप शॉट (स्टिक मागे उचलून मारलेला जोरदार फटका) बंद. पक ढकलत शंकूंमधून नेणं, मदतनिसाने हळू पळत चोरायचा प्रयत्न केला तर वाचवणं, आणि शेवटी गोलच्या जाळीत सारणं. गोलकीपर ठेवूच नका. प्रत्येकाला गोल केल्याचा आनंद मिळू द्या.

शेवटची पंधरा मिनिटं सामने. पूर्ण रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. नवशिकं मूल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत खेळ परत फिरलेला असतो. म्हणून दोन निळ्या रेषांनी झालेल्या तीन भागांत आडवे सामने लावा, प्रत्येक भागात दहाजण, पाच विरुद्ध पाच. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संस्थेनेही २०१७पासून सर्वांत लहान गटाला पूर्ण रिंकवर सामने खेळवणं बंद केलं आहे, त्यामागचं कारण हेच: छोट्या जागेत पक जास्त वेळा मिळतो. गट वयाने पाडू नका, स्केटिंग येतं की नाही त्यावर पाडा. गुण मोजू नका, कुणी विचारलं तर 'बरोबरी' म्हणा.

आईबाबांबद्दल स्पष्ट मत देते: या तासात त्यांना खेळाडू म्हणून उतरवू नका. सत्तर-ऐंशी किलोचा नवशिका माणूस सहा वर्षांच्या मुलावर पडला तर काय होईल याचा विचार करा. शिवाय मोठी माणसं पडताना हात मागे टाकतात आणि मनगट मोडून घेतात. त्यांच्यासाठी वेगळा तास घ्या, त्यांनाही खूप मजा येते. आणि मुलाच्या डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्याला बाहेर काढा, त्या दिवशी परत उतरवू नका. ऑन्टारियोतला २०१८चा रोवन्स लॉ हा कायदा हेच सांगतो. मूल 'मी ठीक आहे' म्हणेल, तरीही.

कुणी ना कुणी 'हा आपला खेळ थोडाच आहे' असं म्हणणारच. त्यांना लडाखबद्दल सांगा. लेहला हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर हॉकी रंगते, आणि तिथल्या मुलींच्या जोरावर भारताच्या महिला संघाने २०१७मध्ये बँकॉकला फिलिपीन्सला ४-३ असं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. इथे कॅनडातही २००८मध्ये हॉकीचं पंजाबीत समालोचन सुरू झालं. यातला लडाखचा दाखला मुलींच्या आयांना विशेष उपयोगी पडतो, कारण मुलीचं नाव द्यायला त्याच जास्त कचरतात.

सत्र संपल्यावर लॉबीत गरम चॉकलेट ठेवा (बाहेरचं चालतं का ते अरीनाला विचारून) आणि एक कागद हातात द्या: शहराच्या स्केटिंग वर्गांची नावनोंदणी कधी उघडते, हाउस लीगची कधी, जुनं सामान कुठे मिळतं. हाउस लीगची नोंदणी हंगामाच्या बरीच आधी होते, डिसेंबरात आवड लागलेल्या मुलाला लगेच संघ मिळेलच असं नाही. म्हणून त्यांना आधी स्केटिंगच्या वर्गाकडे वळवा.

तारीख आणि अरीना नक्की झाला की इथेच लिहा. मदतनिसांना लेस बांधणं आणि पडणं-उठणं दाखवायला मी आदल्या शनिवारी येऊ शकेन, आणि निळे पक माझ्याकडे आहेत, ते विकत घेऊ नका.