स्लीव्ह सर्जरीला पाच आठवडे झाले, भाकरी छातीत अडकते. पुन्हा कधी नीट जेवता येईल का?

तुम्ही लिहिलंय, 'भाकरीचे दोन घास गेले की छातीत दगड बसतो, तोंडात फेस येतो, थुंकून थुंकून जीव जातो.' वाचलं आणि आमच्या शाळेमागची भिंत आठवली. जून 2022 मध्ये त्या भिंतीला हात टेकून मी तेच करत होते. वजन उतरवायला केलेल्या माझ्या स्लीव्ह सर्जरीलाही, म्हणजे जठर कापून लहान करण्यालाही, तेव्हा पाचच आठवडे झाले होते.

आधी भाकरीचं. पाचव्या आठवड्यात ती खायचीच नसते. डिस्चार्जच्या वेळी आहाराचा कागद दिला असेल, तो शोधा. बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो की पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग सहा-आठ आठवड्यांपर्यंत मऊ, आणि भाकरी-चपाती-ब्रेड सगळ्यात शेवटी. घरात आई गरम भाकरी थापत असताना हा कागद कुठं आठवतो, ते मला माहीत आहे. पण आत टाके आहेत, सूज आहे. जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढलाय आणि उरलीय केळ्याएवढी एक नळी. तिच्यात शंभर-दीडशे मिलीच्या वर काही मावत नाही. भाकरीचा घास नीट चावला नाही तर नळीच्या तोंडाशी बसून राहतो, आणि त्याला खाली ढकलायला शरीर लाळ सोडतं. तुम्हाला येतो तो फेस म्हणजे हीच लाळ. घास उतरला किंवा वर आला की थांबते. वरून पाणी पिऊन घास ढकलायला जाऊ नका. मी गेले होते, दुप्पट त्रास झाला.

मात्र एक गोष्ट नीट पाहा. फक्त भाकरीच अडकते, की वरण, ताक, साधं पाणीसुद्धा उलटून पडतं? पाणीही टिकत नसेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आजच फोन करा. ताप, छातीची सतत धडधड, डाव्या खांद्यात किंवा पोटात न थांबणारं दुखणं, काळी शी, यांतलं काही असलं तर तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून वेळ काढू नका, थेट ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलातच जा. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-1 जीवनसत्त्व संपतं. मग पाय मुंग्या येऊन जड होतात, चालताना तोल जातो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं. तसं वाटलं तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देऊ नका.

आता माझं सांगते. मी औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. उंची पाच फूट तीन इंच, वजन 118 किलो, शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक, आणि शाळेच्या चार पायऱ्या चढून फळ्यापाशी पोचेपर्यंत दम. सर्जरी मेच्या सुट्टीत पुण्याला करून घेतली. सुट्टी वाया जाऊ नये हा मास्तरकीचा हिशोब! पण त्यामुळे पातळ खाण्याचे दिवस नेमके आंब्यात आले. 'आमरस पातळच असतो की,' असं मी डाएटीशियनला खरोखर विचारलं होतं. ती हसली आणि मूगडाळीच्या कढणाकडं बोट दाखवलं.

शाळा सुरू झाली तेव्हा खरी परीक्षा. पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढायच्या आधी शिक्षकांनी चाखून चव नोंदवहीत सही करायची असते. आधीच्या वर्षांत माझी 'चव' म्हणजे एक ताटली भरून खिचडी असायची, कोणी विचारणारं नव्हतं. त्या जूनमध्ये मी सवयीनं दोन चमचे भरभर गिळले आणि शाळेमागची भिंत गाठली. चमचे दोनच होते, त्यामुळे दोष खिचडीचा नव्हता. दोष माझ्या वेगाचा होता. पंधरा वर्षं मी घंटेच्या आत जेवत आले होते. पोट दीड तासात लहान झालं, पण हाताला आणि दातांना ते कळायला सहा महिने लागले.

मला जेवायला शिकवलं ते माझ्या आजीनं, आणि ती जाऊन वीस वर्षं झालीत. तिला दात नव्हते. भाकर बारीक कुस्करायची, त्यावर वरण ओतायची, वर ताटली झाकून पार विसरल्यासारखी बसायची. मग हिरड्यांवर घोळवत, मध्ये मध्ये गप्पा मारत जेवायची. आम्हा पोरांची तिन्ही जेवणं व्हायची तरी आजीचा काला चालूच. आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी भाकरीला हो म्हटल्यावर मी तसाच काला सुरू केला. चतकोराचाही अर्धा भाग, तोही सकाळची भाकर रात्री, आणि वरण घट्ट. पातळ वरणात काला केला तर पाण्याबरोबर झरकन खाली जातो, तासाभरात पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. चहाच्या चमच्यानं खायचं, घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा, पंचवीस-तीस मिनिटं लावायची. आणि 'पोट भरलं' हा निरोप आता वेगळ्या भाषेत येतो. मला एक उचकी येते आणि नाक गळायला लागतं. त्यानंतरचा एक घासही जास्तच.

पण काल्याच्या आधी ताटात प्रोटीन. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम सांगतात, आणि आपल्या जेवणात ते जमवणं म्हणजे कसरत आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणातही तेवढंच. वाटीभर वरण तर तुम्हाला आत्ता एका वेळी जाणारही नाही. म्हणून पहिले काही महिने प्रोटीन पावडर घ्यावीच लागते, त्यात कमीपणा नाही. मी अंडी खाते, मटण-चिकन खात नाही. माझ्या कामाला आली ती सोयाबीनची वडी, भिजवून, पिळून, मिक्सरमध्ये खिम्यासारखी करून. लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या राशी लागतात, आमच्या घरीही पिकतं, पण पोत्यातून थेट ट्रॅक्टरवर. घरात शिजायला माझं पोट कापावं लागलं. ठेचा आणि काळ्या मसाल्याची आमटी मात्र तीनेक महिने बाजूला ठेवा. मसाल्यानं मला रात्री आंबट पाणी वर यायचं. अजूनही जेवून लगेच आडवी होत नाही.

पाणी हा दुसरा विषय, आणि आपल्याकडच्या उन्हात तो जेवणापेक्षा मोठा आहे. दिवसात दीड-दोन लिटर प्यायचं, पण घोट घोट. जेवताना नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. उन्हातून येऊन तांब्या वर करून घटाघटा पिणं संपलं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आम्ही घागरी मोजून वापरायला शिकलो होतो. आता प्यायलाही मोजून शिकले. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पेननं चार रेघा मारल्या, एका तासिकेला एक रेघ. चौथीतला एक मुलगा रोज ओरडायचा, 'बाई, रेघ ऱ्हायली!' त्या वर्षी माझी किडनी त्यानंच सांभाळली.

घरचे 'अजून घे' म्हणून आग्रह करतात असं तुम्ही लिहिलंय, ते मला सगळ्यात जास्त कळतं. आपल्याकडं प्रेम पळीनं मोजतात. माझ्या सासूबाई रोज म्हणायच्या, 'चिमणीवानी काय खायलीस, घे की अजून जराशी.' गावातल्या बायका आडून विचारायच्या, 'बाई, साखर लागली का वो तुम्हाला?' कॅन्सरची कुजबुजही झाली. मी दोन महिने सगळ्यांना समजावत बसले आणि दमले. मग एक दिवस सासूबाईंना डाएटीशियनसमोरच नेऊन बसवलं. तिनं त्यांच्या हातात एक छोटी वाटी दिली आणि म्हणाली, 'आजी, हिचं पोट एवढंच. ही भरायची जबाबदारी तुमची.' तेव्हापासून आग्रह संपला, पहारा सुरू झाला. 'अंडं खाल्लंस का? गोळी घेतलीस का?' तोही जाच आहे, पण उपयोगाचा. लग्नाच्या पंक्तीत मी आता वाढायला उभी राहते. वाढणाऱ्याला कोणी 'तुम्ही का नाही जेवत' म्हणत नाही.

एक फजिती सांगते, कारण पुढं तुमच्याही वाट्याला येईल. आमच्या लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. अख्खं गाव शेतात, कडब्याची खोप, भज्जी (भजी नव्हे, सगळ्या भाज्यांची मिसळ), अंबिल, उंडे, गव्हाची खीर. त्या डिसेंबरात मला सात महिने झाले होते, बत्तीस किलो उतरले होते, अंगात वारं भरलं होतं. भज्जी दोन चमचे खाल्ली, छान उतरली. अंबिलाचे चार घोट घेतले. मग जाऊबाईंनी गुळाची खीर दिली आणि 'पातळच आहे' म्हणत मी वाटीभर संपवली. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात मुरडा, डोळ्यांपुढं अंधारी. खोपीतल्या कडब्यावर तासभर आडवी होते आणि बाहेर पोरं पतंग उडवत होती. याला डंपिंग म्हणतात. गोड एकदम आतड्यात उतरतं म्हणून होतं. जठराची बायपास सर्जरी केलेल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही सुटका नाही. तेव्हापासून खीर दोन चमचे, तीही जेवणाच्या शेवटी.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. मोरीच्या जाळीवर गुंताच्या गुंता दिसेल. घाबरू नका, झपाट्यानं वजन उतरलं की होतं. मला नववा-दहावा महिना लागला, मग परत आले. तेल बदलण्यात पैसे घालवण्यापेक्षा लोह आणि प्रोटीन सांभाळा. गोळ्या आयुष्यभराच्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहासोबत तर अजिबात नाही. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. दुसऱ्या वर्षी मी चुकवल्या आणि बी-12 तळाला गेलेलं निघालं. शुगर-बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. माझी शुगरची एक गोळी डॉक्टरांनी घरी पाठवतानाच बंद केली, दुसरी चौथ्या महिन्यात. आणि गावात कंबर दुखली, दात दुखला की डायक्लोफिनॅकची सुई ठरलेली असते. ती टोचण्याआधी डॉक्टरला सर्जरीचं सांगा. असल्या औषधांनी उरलेल्या पोटाला अल्सर होऊ शकतो.

'पुन्हा नीट जेवता येईल का' याचं उत्तर हो. आज मी अर्धी भाकर, वाटीभर भाजी-वरण, अंडं, असं बसून खाते. हुरडा खाते, सावकाश, मूठभर. पण वर्षभरानंतर काळजी उलटी करावी लागते, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. भाकरी अडकते, चिवडा अडकत नाही. फरसाण, चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ), हे तोंडात विरघळतं आणि कितीही उतरतं. माझं वजन 81 पर्यंत गेलं होतं, आता 85 आहे. ते चार किलो ऑफिसातल्या चहाबरोबरच्या खारीचे आहेत, शपथेवर सांगते.

'सर्जरी करून चूक केली का' असंही तुम्ही विचारलंय. हे मीही पाचव्या आठवड्यात आईला विचारलं होतं. ती म्हणाली, 'आता विचारून काय करतीस, पोट परत शिवता येतंय का?' मला तेव्हा राग आला. त्या दिवसांत शेजारच्या घरातून भज्यांचा वास आला की रडू यायचं. भूक नसतानाही, कारण जठराच्या काढलेल्या भागातच भुकेचा हार्मोन जास्त तयार होतो, त्यामुळे भूक खरंच कमी होते. रडू भज्यांसाठी नव्हतं, पावसात सगळ्यांसोबत बसून खाण्यासाठी होतं. ते परत मिळतं. मी आता एक भजं घेते आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसते.

आज रात्री भाकरी बाजूला ठेवा. मऊ शिजवलेली मूगडाळ घट्ट करून चार चमचे घ्या, किंवा एक अंडं मऊ बुर्जी करून, आणि घड्याळ समोर ठेवून अर्धा तास बसा. आणि खाली एवढं नक्की लिहा: काल दिवसभरात पाणी किती गेलं, आणि ते टिकलं का?