घराजवळच्या नदीची बदलती रूपं टिपायची तर फोटो काढावेत की वही ठेवावी? आणि दिवसातल्या कोणत्या वेळी?

वही ठेवा. फोटोत पाणी छान दिसतं, पण ते चढतंय का उतरतंय ते कळत नाही. एक खूण धरा आणि तीच रोज सकाळी बघा. आमचं रान मंगळवेढा तालुक्यात, भीमेच्या काठाला. मी माचणूरच्या घाटाच्या पायऱ्या मोजतो. किती बुडाल्या, पाण्याचा रंग, वास, वरून काय वाहत आलं, एवढंच लिहितो.

आमच्या अण्णांना, म्हणजे थोरल्या भावाला, हे कधी पटलं नाही. "वरच्या उजनी धरणातनं किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर येतंय की, नदीवर जाऊन काय बघायचं?"

एका ऑगस्टात आमच्याकडं तीन आठवडे थेंब नव्हता, तुरीनं माना टाकल्या होत्या. पण भीमेचा पूर आमच्या पावसाचा नसतोच, तो पुण्याकडच्या घाटमाथ्यावरचा. सकाळी घाटावर गेलो तर कालचं हिरवट पाणी मातकट झालेलं, फेसाचे गोळे, जलपर्णीचे पुंजके. पायरीच्या भेगेत काडी खोचली. चहा पिऊन येईपर्यंत काडी बुडाली होती.

अण्णांना म्हटलं, मोटर वर काढू. ते म्हणाले, "आकडा कालचाच हाय. नदी काय तुझ्या कानात सांगून गेली का?" रात्री मोटर, स्टार्टरची पेटी, पाइप, सगळं गेलं. मोटरीचं कर्ज फिटायचं होतं.

अण्णा आजही म्हणतात, रात्रीतनं विसर्ग वाढवला. वाढवला असेल. पण सकाळचं पाणी नीरेचं होतं. वीर धरणातनं सोडलेलं पाणी नीरेतून येतं, आणि नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. उजनीच्या आकड्यात ते धरलेलंच नसतं.

उन्हाळ्यातली नदीही लिहा, ती कुणी बघत नाही. ऐन उन्हात कोरडं पात्र वाहायला लागतं, कारण सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतलं पाणी औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यांत न्यायचं असतं. तेव्हा काठच्या मोटारींची वीज तोडतात. पाणी पुढ्यातनं जातं आणि उभा ऊस वाळतो. शहराला पाणी लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही, पण ते दिवस वहीत नसतील तर तुम्ही नदी बघितलीच नाही.

मोबाईलवरचा आकडा बघूच नका असं नाही, तोही शेजारी लिहा. आणि पाणी चढत असताना पायऱ्या उतरू नका, शेवाळावरनं पाय सटकतो. मी उतरलो होतो, ते चुकलंच.

अण्णा, तुम्ही इथलं वाचता म्हणून सांगतो. त्या दिवशीचं पान वहीत आहे. "सकाळी साडेसात, काडी बुडाली" असं लिहिलंय. विसर्ग वाढला तो रात्री.